बाहेर कच्चं, आत शिजलेलं

माझ्या सासूबाईंची पक्की समजूत होती की मी बोईसरला खतं तपासते. ती समजूत मीच करून दिली होती. आमचं घर पालघरजवळच्या माहीमचं, पानवेलींची वाडी, कडेने केळी आणि नारळ. घरात मासळी रोज आणि मटण पाहुण्यारावळ्याला, पण म्हशीच्या मांसाचं नाव उंबऱ्याच्या आत कधी कुणी काढलं नव्हतं. आणि नवी सून तर बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत दिवसभर त्याच मांसाचा लगदा करून गाळत बसत होती. 'खतं' म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. कपड्यांना वास येतो म्हटलं तरी खपून जातं. माझं सोळा वर्षं खपलं. खरं काय आणि खोटं काय ते सांगण्याचा जिला पगार मिळत होता, तिने घरी इतकी वर्षं खोटं सांगितलं, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकते. पुढे याहून मोठी कबुली द्यायची आहे.

आधी कामाचं सांगते. आमच्या भागात एक-दोन कारखाने मांस शिजवून, गोठवून परदेशी पाठवत. मांस म्हशीचंच, आपल्याकडे कायद्याने तेच चालतं. परदेशातल्या कागदांवर मात्र सगळ्यालाच बीफ म्हणतात आणि आमच्या अहवालावरही तोच शब्द छापलेला असे. घेणाऱ्या देशाची अट एकच, पण कडक. आपल्याकडच्या जनावरांना लाळ्या-खुरकूत होतो, तो रोग मांसाबरोबर त्यांच्या गोठ्यांत जायला नको. म्हणून प्रत्येक तुकडा अगदी मधोमध सत्तर अंशांच्या वर तापला होता, याचा पुरावा द्या.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, थर्मामीटर खुपसायचा. खुपसतातच. पण थर्मामीटर जिथे खुपसला तिथलंच आणि तेवढ्या वेळचंच सांगतो. शेजारच्या जाड तुकड्याचं त्याला काय ठाऊक? आणि मांस गोठून, खोक्यात बसून आमच्याकडे आलं की थर्मामीटर उणे अठरा दाखवणार. तीन आठवड्यांपूर्वी येऊन गेलेला ताप आज काखेत थर्मामीटर लावून कळतो का?

तो कळण्याची सोय निसर्गाने मांसातच करून ठेवली आहे. केळफूल चिरलं की बोटं आणि केळफूल दोन्ही काळी होतात. कच्चं केळं, वांगं, कापून ठेवलं की काळं पडतं. तेच आधी उकडून मग कापा, पांढरं राहतं. काळं करणारं जे द्रव्य असतं ते तापाने मेलेलं असतं. त्याला एन्झाइम म्हणतात, पुस्तकी मराठीत विकर. मांसातही अशी पुष्कळ असतात आणि प्रत्येकाची सहनशक्ती वेगळी. त्यातलं फॉस्फटेज नावाचं एक सत्तरीच्या आसपास हाय खातं. आम्ही काय करायचो, तर मांस पाण्यात वाटून गाळायचं, त्या पाण्यात एका रंगहीन पुडीचं द्रावण घालायचं आणि नळ्या अर्धा तास सदतीस अंशांवर ठेवायच्या. फॉस्फटेज जिवंत असेल तर ते त्या द्रावणाचे तुकडे करतं. मग वरून क्षार टाकला की नळी हळदीसारखी पिवळी होते. मांस नीट शिजलेलं असेल तर पाणी पाण्यासारखंच राहतं. पिवळा किती गडद आहे ते यंत्र मोजतं, पण मला शेवटी शेवटी यंत्र लागत नसे.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तसंच हे. फरक इतकाच की आमचं शीत बोलायचं. मला या चाचणीचा फार अभिमान होता, अजूनही आहे. बाकी सगळे पुरावे माणसांनी लिहिलेले असतात. हा एकच असा की ज्याचा जबाब तुकड्याने स्वतः दिलेला असतो.

ते सदतीस अंश सांभाळण्यासाठी एक पेटी असते. एकदा वीज गेली, जनरेटरनेही हात वर केले आणि आत चार नळ्या, दुसऱ्या दिवशी जहाज गाठायचं म्हणून निकालाची घाई. सदतीस म्हणजे माणसाच्याच अंगाची ऊब. मी नळ्यांना बुचं मारली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळल्या आणि काखेत धरून अर्धा तास खुर्चीत बसले. आमचे सर, म्हणजे प्रयोगशाळेचे मालक, आत आले, म्हणाले, "बाई, ताप आलाय का?" म्हटलं, "मला नाही, नमुन्याला." तो निकाल अर्थात कागदावर धरला नाही. सकाळी वीज आल्यावर चाचणी पुन्हा केली. पण आकडे जुळले, आणि पुढे वर्षभर सर प्रत्येक पाहुण्याला तो किस्सा सांगत होते.

गिऱ्हाइकंही एकेक. मुलाच्या लग्नातली बिर्याणी घेऊन एक गृहस्थ आले होते. वऱ्हाडाची पोटं बिघडली, आचाऱ्याने कच्चं वाढलं असा अहवाल द्या, म्हणाले. नमुना कधीचा? तर चार दिवसांपूर्वीचा, मधे दोनदा गरम केलेला. मी म्हटलं, "काका, तुम्हीच तो शिजवून आणलाय, आता आचाऱ्याला काय बोलता?" ते रागावून गेले. पण आचाऱ्याच्या अब्रूशी खेळू नये, एवढं मला तेव्हा कळत होतं. ते पुढे मी विसरले कशी, तेच सांगायचं आहे.

मला बिघडवलं ते चहाच्या ग्लासाने. एका कारखान्याचा माल आमच्याकडे सारखा पिवळा येऊ लागला. त्यांचे तापमानाचे तक्ते मात्र सुंदर, प्रत्येक रकान्यात पंचाहत्तर, शहात्तर, पंचाहत्तर. सरांनी मला पाहणीला पाठवलं. दुपारच्या पाळीत मी न सांगता आत गेले तर भट्टीवरचा गडी टेबलाशी बसलेला, समोर कटिंग चहा, आणि थर्मामीटरची सळई त्या चहात बुडवलेली. तक्ता भरणं चालू. मला पाहून तो उठला आणि म्हणाला, "मॅडम, चाय लोगे?" त्या कारखान्याची खरडपट्टी निघाली, आमच्या प्रयोगशाळेचं नाव झालं आणि सरांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. खोटं बोलूच शकत नाही अशी गोष्ट माझ्या हातात आहे, असा माझा रुबाब तेव्हापासून वाढला. तक्ता दिसला की मी आधी त्याच्याकडे संशयाने बघायला लागले.

आणि मग दामूदादाची खेप आली.

दामूदादा, म्हणजे दामोदर, उमरोळीचा. दुसऱ्या एका कारखान्यात वाफेच्या मोठ्या हंड्यावर होता. वय पन्नाशीचं, खांद्यावर पंचा, मूळ धंदा आचाऱ्याचा. बापापासून गावोगावच्या लग्नांत याच घरची चूल पेटायची. लग्नसराई चार महिने, पोट बारा महिने, म्हणून कारखान्यात लागलेला. एका पाहणीत मी त्याला काम करताना पाहिलं होतं. आधी तुकडा बोटांनी दाबून बघायचा, मग सळई खुपसायचा. मी म्हटलं, "थर्मामीटर असताना बोट कशाला?" तर म्हणाला, "थरमामीटर बरोबरच बोलते बाई, पन माज्या बोटाच्या मागून." मला आवडला होता तो माणूस.

त्याच्या हंड्याचा एक नवा माल आमच्याकडे आला. हिरव्या मसाल्यातले मांसाचे लहान तुकडे, आखाती देशातल्या हॉटेलांसाठी. तक्त्यावर दामूदादाच्या हाताने लिहिलेलं, मधलं तापमान शहात्तर. मी मांस मसाल्यासकट वाटलं, गाळलं, द्रावण घातलं, क्षार टाकला. नळी पिवळीधमक. पुन्हा केलं, पिवळी. तिसऱ्यांदा केलं, तरी पिवळीच.

एक गोष्ट तेव्हा डोळ्यांसमोर होती. गाळलेलं पाणी जरा हिरवट होतं. अशा रंगाने मोजणीत गोंधळ होऊ नये म्हणून आम्ही द्रावण न घातलेली एक नळी शेजारी लावतो आणि तिचा रंग वजा करतो. मी नियमाप्रमाणे ती लावली, हिरवा वजा केला आणि पुढे गेले. जी खूण मला सगळं सांगणार होती, ती मी नियमाने वजा करून टाकली.

अहवालात निकाल लिहिला: नमुना अपुरा शिजलेला. इथवर माझं काम संपलं होतं. पण खाली शेऱ्याचा एक रकाना असतो, बहुतेक वेळा रिकामा सोडायचा. माझ्या डोळ्यांपुढे चहाचा ग्लास आला. मी शेरा मारला, 'तापमानाच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत,' आणि खाली झोकात सही केली.

पुढच्या रविवारी मी घरीच होते. सासूबाई ओटीवर ओलं फडकं अंथरून विड्याची पानं एकावर एक लावत बसल्या होत्या, मी शेजारी डाग पडलेली पानं वेगळी काढत होते. फाटकाशी सायकल थांबली. दामूदादा. पायरीशीच उभा राहिला, वर येईना.

"बाई, मी उमरोळीचा. कंपनीतला."

"ओळखलं ना. या, बसा."

"बसाया नाय आलो. तुमी कागदावर लिवलंय का मी खोटा हाय."

मी सांगायला लागले की मी फक्त नोंदींबद्दल लिहिलंय, माणसाबद्दल नाही. बोलतानाच मला ते किती पोकळ आहे हे ऐकू आलं.

"नोंद माज्याच हातची हाय ना? साहेबांनी मला नोटीस दिली. शुक्रवारी जाब द्यायचा, नायतर काढून टाकतील. मी पोरांची शपथ घेऊन सांगतो बाई, शात्तर हुतं म्हनून शात्तर लिवलं."

"कसला कागद? खताचा का?" सासूबाईंनी मान वर न करता विचारलं.

"खत नाय आई," दामूदादा भाबडेपणाने म्हणाला. "म्हशीच्या मटनाचा. बाई तपासतात ना."

सासूबाईंच्या हातातलं पान हातातच राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डागाळलेल्या पानांकडे पाहिलं. सोळा वर्षांचं खत एका वाक्यात वाहून गेलं.

पण दामूदादाला त्याच्या दुःखात त्याचं काय! तो बोलतच होता. "नोकरी गेली तर जाऊ दे. पन ही गोष्ट गावात गेल्याबिगर ऱ्हाते का? मी पन घरी फूड कंपनी म्हनूनच सांगितलंय. आता दोन्ही कळेल, काय शिजवत हुतो ते नि कच्चं शिजवून पक्कं लिवलं ते. पयलं एक वेळ लोक गिळतील. पन दुसरं? दामूच्या हंड्याचं लग्नात मंग कोन खानार? माज्या बापाच्या हंड्याला कुनी कदी नाव ठेवलं नाय."

माझी नळी तीनदा पिवळी झाली होती आणि हा माणूस खोटं बोलत नव्हता. दोन्ही एकदम खरं कसं असेल?

पुढे बोलल्या त्या सासूबाई. माझा हिशेब त्या नंतर करणार होत्या. आधी त्यांच्यातली स्वयंपाकीण जागी झाली.

"काय शिजवलं होतंस?"

"हिरव्या मसाल्याचं, आई."

"वाटणात काय काय?"

"कोथमीर, पुदिना, मिरची, आलं, लसून."

"कधी टाकलंस?"

दामूदादा क्षणभर गोंधळला. लग्नाच्या आचाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. "वाफ बंद करून. मटन पार शिजून जरा गार झालं का मंग वरून टाकायचं नि फिरवून झाकायचं. शिजताना टाकलं का काळं पडते, वासबी उडून जाते. आमी लग्नात तसंच करतो, बापाच्या वक्तापासून."

"म्हणजे वाटण कच्चंच."

"मटन शिजलेलं हाय आई!"

"मटणाचं नाही विचारत रे. वाटण कच्चं ना?"

"आता वरून टाकलं म्हंजे... कच्चंच की."

माझ्या हातात विड्याचं पान होतं. हिरवंगार, जिवंत. पालघरच्या कॉलेजात मी रसायनाबरोबर वनस्पतिशास्त्रही घेतलं होतं. पानात, मुळात, कोंबात हेच फॉस्फटेज ठासून भरलेलं असतं, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. लग्न करून आले ती पानांच्याच वाडीत. आणि प्रयोगशाळेत पांढरा कोट चढवला की एन्झाइम फक्त मांसात असतं, अशी माझी ठाम समजूत! काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. मला तिथल्या तिथे इतकी लाज वाटली की दामूदादाला पाणी विचारायचंही राहून गेलं. तेही सासूबाईंनीच विचारलं.

सोमवारी पहिल्या गाडीने गेले. तपासलेल्या प्रत्येक मालाचा थोडा नमुना आम्ही गोठवून राखून ठेवतो. तो काढला. या वेळी सगळं एकत्र वाटलं नाही. तुकडे आधी थंड पाण्यात खळबळून धुतले, ते हिरवं पाणी एका बाजूला. मग सुरीने प्रत्येक तुकड्याची बाहेरची साल काढली, ती दुसरीकडे. उरला तो गाभा, तो तिसरीकडे. तीन नळ्या लावल्या आणि अर्धा तास पेटीच्या काचेला नाक लावून बसले.

धुवणाच्या पाण्याची नळी हळद कालवल्यासारखी झाली. सालीची फिकट पिवळी. गाभ्याची नळी स्वच्छ पाणी.

मांस बाहेरून आत शिजतं. कच्चं राहिलं तर ते मधे राहतं, म्हणून तर सगळी धडपड मधल्या तापमानाची. बाहेर कच्चं आणि आत शिजलेलं असं मांस कुठल्याच हंड्यात तयार होत नाही. दामूदादाचा गाभा शहात्तर अंशांवर शिजला होता आणि त्याने शहात्तरच लिहिलं होतं.

मी सरांकडे गेले. सर वाईट माणूस नव्हते, पण प्रयोगशाळा त्यांनी शून्यातून उभी केली होती आणि तिच्या नावाला ते फार जपत. म्हणाले, "बाई, गेलेला अहवाल परत बोलवायचा? लोक म्हणतील यांच्या चाचणीचा भरवसा नाही. निकाल तर तसा बरोबरच आहे ना? काहीतरी कच्चं होतंच."

"तेच म्हणतेय सर. चाचणी चुकलेली नाही. ती इतकंच म्हणाली होती की यात काहीतरी कच्चं आहे. 'मांस कच्चं आहे' हे माझं. आणि 'माणूस खोटा आहे' हेही माझंच."

"माणूस खोटा असं तुम्ही कुठे लिहिलंय?"

"ज्याने वाचायचं त्याने तसंच वाचलंय."

ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. पण चूक कुणाची ते स्पष्ट लिहायचं, आणि सही तुमची." मी म्हटलं, दुसऱ्या कुणाची असणार! सुधारित अहवाल मी दोनदा खाडाखोड करून लिहिला. मांसाचा गाभा पुरेसा तापलेला. कच्चेपणा वरून टाकलेल्या वाटणाचा. तापमानाच्या नोंदींवरचा शेरा चुकीचा होता, तो मागे घेत आहे. तपासनिसाची चूक. खाली माझं पूर्ण नाव. तो कागद मी कुणाच्या हाती पाठवला नाही. गुरुवारी रिक्षा करून स्वतः कारखान्यात नेऊन दिला, म्हणजे शुक्रवारच्या जाबाच्या आत पोचला.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती फुशारकीने सांगितली असती. पण तसं झालं नाही. माल अडवला गेला तो बरोबरच अडवला गेला. शिजलेल्या मांसावर कच्ची कोथिंबीर, ती कुठल्या पाण्यात धुतली कोण जाणे, तसा माल समुद्रापार पाठवणं धोक्याचंच होतं. कारखान्याच्या कृतीत वाटण वाफ चालू असतानाच टाकायचं, असं लिहिलेलंही होतं. दामूदादाने ते मोडलं होतं. त्याला ते मोडणं वाटलंच नव्हतं, हात चांगला असलेल्या माणसाला कागदावरची कृती सूचनेसारखी वाटते. खोट्या नोंदीची नोटीस मागे घेतली गेली. पण वाटणाबद्दल त्याला हंड्यावरून काढून खोकी बांधायला बसवलं.

आणि माझा पहिला कागद सगळ्यांनी वाचला होता. दुसरा फायलीत लागला. शेरा पसरतो, दुरुस्ती पसरत नाही. खोकी बांधणाऱ्या बायका त्याला हसून विचारत, "दादा, आज किती शात्तर?" सहा महिन्यांत त्याने नोकरी सोडली. मला हे नंतर कळलं. मी त्याला त्याचं इमान परत दिलं होतं, हंडा देऊ शकले नव्हते. याचं मला आजही वाईट वाटतं, आणि ते कमी व्हावं असंही वाटत नाही.

त्यानंतर आमच्याकडे मसाल्याच्या मालाची पद्धत बदलली. गाभा वेगळा, धुवण वेगळं आणि वाटणाची कच्ची नळी शेजारी. ती पद्धत मी लिहून काढली, नव्या मुलामुलींना शिकवली. आजही प्रयोगशाळेत ती तशीच चालते. तिच्या शेवटी मी एक वाक्य घातलंय: नळी जेवढं सांगेल तेवढंच लिहावं. शेऱ्याच्या रकान्यात पुढे मी कधी नोंदींबद्दल अक्षर लिहिलं नाही, एक अपवाद सोडून.

सासूबाईंचं राहिलंच. त्या रविवारी दामूदादा गेल्यावर त्यांनी उरलेली सगळी पानं लावून संपवली. मग म्हणाल्या, "सोळा वर्षं मी शेजारणींना सांगतेय, आमची सून खतं तपासते, तुमच्या वाडीचं खत असलं तर पाठवा." मला हसावं की रडावं कळेना. पुढे म्हणाल्या, "येशील तेव्हा मागच्या दाराने यायचं, आंघोळ करून मग चुलीपाशी. बाकी तुझं काम तू जाण." मी इतकी वर्षं ज्याला भ्याले, ते एवढंच निघालं. वर वर्षभराने तर कुणाच्याही घरची कोंबडी खाताना त्या म्हणू लागल्या, "आमच्या सुनेला दाखवा, ती एका नळीत सांगेल शिजली का ते."

दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी टेबल आवरत होते, तेवढ्यात नमुने घेण्याच्या खिडकीशी कुणीतरी मला विचारतंय असं कळलं. जाऊन बघते तर दामूदादा. केस सगळे पांढरे झालेले, खांद्यावर पंचा तोच. कुणाकडून तरी त्याने ऐकलं होतं. हातात स्टीलचा डबा, डब्यावर कागद चिकटवलेला, आमच्या नमुन्यांवर असतो तसाच. त्याच्याच अक्षरात: 'बकऱ्याचं मटन, हिरवा मसाला. ठिकाण उमरोळी. शिजवनार दामोदर. मधलं तापमान शात्तर.'

"हे काय दादा?"

"नमुना हाय. तपासा."

"अहो, हल्ली लग्नं करता ना? कसं चाललंय?"

"बरं चाललंय. हंड्यावर थरमामीटर ठेवलाय मी. लोक हसायचे, आता इचारतात. पन तुमी आधी तपासा, मंग बोलू."

मी कोट काढून ठेवला होता, तो परत चढवला. तुकडे धुतले, साल काढली, गाभा वेगळा. तीन नळ्या, चौथी कच्च्या कोथिंबिरीची, समोरच्या भाजीवाल्याकडून मागवून. अर्धा तास तो बाकावर ताठ बसून राहिला. चहा दिला तर म्हणाला, निकालानंतर. क्षार टाकला. कोथिंबिरीची नळी पिवळी झाली. बाकीच्या तिन्ही नळ्या पाण्यासारख्या स्वच्छ. धुवणाचीसुद्धा.

"वाटण कधी टाकलं?"

"वाफेत असताना. काळं पडलंय, बगा ना. वासबी उडालाय थोडा." त्याच्या तोंडावर थोडी नाराजी दिसली. "पन पक्कं हाय."

मी छापील अहवाल घेतला, नेहमीचाच, शिक्क्याचा. निकाल लिहिला: नमुना पूर्ण शिजलेला. मग शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'तापमानाच्या नोंदी विश्वासार्ह आहेत.' खाली सही केली. माझी ती शेवटची सही. सर मागे उभे राहून बघत होते, त्यांनी शिक्का माझ्याकडे सरकवला.

दामूदादाने कागद खिडकीच्या उजेडात धरला. प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत शेऱ्यापर्यंत आला आणि तिथे बोट थांबलं. पंच्याने त्याने डोळे पुसले, कागदाची चार पदरी घडी केली आणि शर्टाच्या खिशात, बटण लावून ठेवली. डब्यात बाकीचं मटण तसंच होतं. झाकण उघडून त्याने डबा माझ्यापुढे सरकवला.

"आता जेवा बाई," तो म्हणाला, "तुमच्या तपासन्यापायी पार निवलं."